वाफ्याची दाढ आणि आजींची गोळी

माझं चष्म्यांचं दुकान आणि समोरचं इस्त्रीचं दुकान यांच्यामध्ये जेमतेम एक हातगाडी जाईल एवढाच रस्ता आहे. त्यामुळे समोर काय चाललंय हे मला मुद्दाम बघावं लागत नाही. दिसतंच. ऐकूही येतं. वाफेवर चालणाऱ्या इस्त्रीच्या दाबयंत्राचं झाकण खाली आलं की फुस्स करून वाफ सुटते आणि माझ्या काचेच्या कपाटावर धुकं धरतं. गिऱ्हाइकांना वाटतं, चष्म्याचा नंबर वाढला.

ते दुकान आधी माझ्या मित्राचं होतं. आता त्याची बायको चालवते. गल्ली तिला इस्त्रीबाई म्हणते, मी वहिनी म्हणतो. लग्न होऊन आल्या तेव्हा त्या फक्त घड्या घालायच्या. मित्र उभा राहून इस्त्री करायचा आणि तिची मापं काढायचा, "हिची घडी बघा, सुरीने कापल्यासारखी! पोळी मात्र गोल येत नाही." त्या मान वर न करता म्हणायच्या, "शर्ट गोल असते तर पोळी चौकोनी जमली असती." अशी ती दोघं. तो गेला आणि वहिनींनी इस्त्री हातात घेतली. आधी कॉलर, मग बाह्या, मग पाठ. पहिल्या वर्षातल्या भाजल्याच्या खुणा त्यांच्या डाव्या हातावर अजून आहेत.

खिडकीपाशी स्टुलावर त्यांच्या सासूबाई बसतात. माझे केस पांढरे झाले तरी सगळ्या गल्लीसारखं मीही त्यांना आजीच म्हणतो. आजी लोकांच्या शर्टांची तुटलेली बटणं लावतात. गुडघे गेलेत, पण नजर शाबूत. सुईत दोरा त्या अजून चष्म्याशिवाय ओवतात. माझ्या धंद्याच्या दृष्टीने हे वाईटच.

मित्र गेल्यापासून या दोघी एकमेकींशी फारसं बोलत नसत. भांडण नव्हतं. भांडण असतं तर बरं, भांडणात माणूस तोंड तरी उघडतो. इथे सगळं मांजरामार्फत चाले. मांजराचं नाव वाफ्या. बॉयलरच्या पाइपाला चिकटून बसलेलं ओलं पिल्लू मित्राने एका सकाळी उचलून आणलं होतं, त्याचा आता चांगला थोराड बोका झाला होता. राखाडी अंग, पांढरे पाय, तोंडावर कायम सरकारी बाबूचा भाव. वहिनी म्हणायच्या, "वाफ्या, आजीला विचार, चहा ठेवू का." आजी म्हणायच्या, "वाफ्या, तिला सांग, अर्धा कपच." वाफ्या दोघींकडे आळीपाळीने बघायचा आणि झोपायचा. हा निरोप्या कधी निरोप विसरला नाही, कारण त्याने तो कधी नेलाच नाही.

दोघींमधल्या या गप्पपणाचं कारण मला माहीत होतं. मित्राच्या मणक्यात रोग शिरला होता. शेवटचे काही महिने त्याला दुखायचं, आणि दुखायचं म्हणजे नुसतं दुखायचं नाही. इस्त्रीच्या टेबलाची कड तो दोन्ही हातांनी धरायचा आणि डोळे मिटून उभा राहायचा. डॉक्टरांनी दुखणं शमवायच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या, ठरलेल्या वेळी घ्यायच्या म्हणून. पण आजींच्या मनाने घेतलं होतं की या गोळ्या वाईट. "सवय लागते. आतडी जळतात. सोसवेल तेवढं सोसावं माणसाने." मुलाला आईचं मन मोडवेना आणि सुनेला सासूपुढे बोलवेना. गोळ्यांच्या वेळा चुकत गेल्या. पाकिटं बरीचशी भरलेलीच राहिली. तो गेल्यावर वहिनींनी ती कधी फेकली हे मला माहीत नाही. त्याबद्दल त्या घरात एक शब्दही निघाला नाही, आणि तो न निघालेला शब्दच त्या दोघींमध्ये बसून असायचा.

त्या दिवशी सकाळी मी माझे दोन शर्ट आणायला गेलो तर यंत्र बंद. वहिनी जमिनीवर गुडघे टेकून बॉयलरच्या मागे हात घालत होत्या.

"काय पडलं, वहिनी?"

"वाफ्या. बाहेर येत नाहीये. काल रात्रीचं जेवण तसंच आहे."

मी वाकून बघितलं. वाफ्या पाठीची कमान करून, चारही पाय पोटाखाली घेऊन बसला होता. डोळे अर्धे मिटलेले. हनुवटीखालचे केस लाळेने चिकट झाले होते. वहिनींनी गालाला बोट लावलं मात्र, तो असा गुरगुरला की त्यांनी हात मागे घेतला. या बोक्याने आजवर शेपटीवर पाय पडला तरी आवाज केला नव्हता.

"दात दुखत असेल," मी म्हणालो.

स्टुलावरून आजी म्हणाल्या, "दुखतंय त्याला. मला कळतं. असंच बसतं दुखणारं माणूस." हातातला शर्ट त्यांनी मांडीवर ठेवला होता. सुई तशीच कापडात अडकलेली.

वहिनींनी प्राण्यांच्या दवाखान्यात फोन लावला आणि मलाही ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. डॉक्टरीणबाई शस्त्रक्रियेच्या मधूनच बोलत होत्या. मागे कुत्रं विव्हळत होतं, पण बाईंचा आवाज शांत होता. त्यांनी एकामागून एक विचारलं. श्वास तोंड उघडून घेतोय का? नाही. हिरड्या गुलाबी आहेत की पांढऱ्या-निळ्या? वहिनींनी लांबूनच ओठाची कड दिसेल तेवढं बघितलं. गुलाबी वाटल्या. कुठून पडला, मार लागला? नाही. मागचे पाय ओढतोय? नाही. लघवी केली का?

"पहाटे केली. वाळू ओली होती."

"ते बरं झालं. बोक्याला बसून बसूनही लघवी होत नसेल, तर तो तासाभराचाही धीर धरण्यासारखा आजार नसतो. हे तोंडाचं दिसतंय. मी दुपारपर्यंत इथे अडकलेय, दुपार उलटली की लगेच घेऊन या. पण श्वास बिघडला, हिरड्यांचा रंग बदलला, अंग थंड पडलं, कोसळला, तर वाट बघायची नाही. तडक यायचं, मी हातातलं काम थांबवेन."

"तोवर त्याचं दुखणं कमी करायला काय देऊ?"

"तोंडाने काही नाही. माणसांचं कुठलंही औषध नाही, मागचं उरलेलं नाही, कुत्र्याचं नाही."

माझ्याने राहवेना. मी मध्येच तोंड घातलं. "डॉक्टर, लवंगेचं तेल? कापसाचा बोळा भिजवून?"

"कोण बोलतंय?"

"मी समोरचा. चष्मेवाला."

"मग तुम्ही चष्म्यांचंच बघा," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "लवंगेचं तेल मांजराला विषासारखं बाधतं. बाई, ऐका. दुखणाऱ्या मांजराला सगळ्यात आधी काय हवं असतं, तर कुणी हात न लावणं. आवाज बंद करा, उजेड कमी करा. ऊब द्या, पण गरम नाही, आणि नको वाटली तर उठून जाता यावं अशी. पाणी तोंडाजवळ ठेवा, पाजू नका. भरवू तर अजिबात नका. वाळूचं खोकं जवळ, काठ बुटका. आणि तुम्ही स्वतः जवळ बसा. त्याच्याकडे टक लावून नाही, नुसतं बसा."

फोन ठेवला आणि वहिनी कामाला लागल्या. आधी बॉयलर बंद केला, म्हणजे पाइपांची खडखड थांबली. मग मला म्हणाल्या, "भाऊ, शटर अर्धं ओढता का?" पुठ्ठ्याच्या खोक्याचा काठ सुरीने कापून त्यांनी बुटका केला, त्यात वाळू ओतली. धुतलेला जाड टॉवेल थोडासा गरम करून घेतला आणि मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघितला. पुन्हा झटकला, पुन्हा लावला. इस्त्रीच्या माणसाला ऊब आणि चटका यांतला फरक सांगावा लागत नाही. टॉवेलाची घडी त्यांनी वाफ्याच्या पुढ्यात अर्ध्या हातावर ठेवली आणि मागे सरकल्या.

बराच वेळ काही झालं नाही. मग वाफ्याने मान पुढे केली. हळूहळू, म्हातारा माणूस जिना उतरतो तसा तो घडीवर आला आणि बसला. कमान थोडी सैल झाली. दुखणं गेलं नव्हतं, पण ते एकट्याने सोसायचं राहिलं नव्हतं.

एक गिऱ्हाईक अर्ध्या शटरखालून वाकून म्हणालं, "आज बंद आहे का?"

"आज घरात आजारी आहे," वहिनी म्हणाल्या. "उद्या या."

 गिऱ्हाईक गेल्यावर आजी म्हणाल्या, आणि वाफ्याला न म्हणता थेट सुनेलाच म्हणाल्या, "आणि औषध?"

"डॉक्टर म्हणाल्या, काही द्यायचं नाही, आई."

"म्हणजे नुसतं बघत बसायचं?"

"दुपारपर्यंत."

आजींनी खिडकीकडे तोंड फिरवलं. मला वाटलं, विषय संपला. मी माझ्या दुकानात आलो. पुढचं मला नंतर दोघींकडून कळलं.

वाफ्याला न्यायला काहीतरी बंद होणारं हवं म्हणून वहिनी मागच्या खोलीत झाकणाची टोपली शोधायला गेल्या. कपड्यांच्या ढिगाखालून ती काढायला, झटकायला, तळाशी चादर अंथरायला त्यांना वेळ लागला. तेवढ्यात आजी स्टुलावरून उठल्या. गुडघेदुखीसाठी त्या एक साधी पांढरी गोळी घेतात, तापालाही घेतात ती. घराघरात असते. त्यांच्या कमरेच्या बटव्यात तिचं पाकीट कायम असतं. त्यांनी एक गोळी काढली, अर्धी मोडली, बटणांच्या डबीच्या बुडाने तिची भुकटी केली. काल रात्रीच्या माशाच्या तुकड्यात बोटांनी कालवली. आणि भिंतीला धरत, वाकत, कळ सोसत, ती वाटी वाफ्याच्या तोंडापुढे नेऊन ठेवली.

वहिनी टोपली घेऊन आल्या तेव्हा आजी जमिनीवर बसल्या होत्या. गुडघे दुमडून जमिनीवर बसणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं. वाटी वाफ्यासमोर होती. माशावर पांढरे कण होते.

"हे काय आहे?"

आजींनी माशाची बोटं पदराला पुसली.

"आई, हे काय घातलंय?"

"गोळी. माझी. अर्धीच."

वहिनी मला नंतर म्हणाल्या, "भाऊ, त्या क्षणी माझ्या तोंडात इतकं काही आलं होतं ना. सगळं. तेव्हाचं आणि आत्ताचं. तेव्हा गोळी होती तर देऊ दिली नाही, आणि आज देऊ नको म्हटलं तर दिली." पण त्यांनी त्यातलं काही उच्चारलं नाही. वाटी उचलून कपाटावर ठेवली आणि विचारलं, "त्याने खाल्लं?"

"नाही. वास घेतला."

"नक्की?"

आजींनी सुनेकडे वर पाहिलं. खोटं बोलणं सोपं होतं. बघायला दुसरं कुणी नव्हतं, आणि मांजर काही सांगणार नव्हतं. "एकदा चाटलं," त्या म्हणाल्या. "कडेला. जीभ लावली आणि दुखलं त्याला, मग मागे झाला. पण चाटलं."

डॉक्टरीणबाईंनी या वेळी एकच प्रश्न विचारला, गोळीचं नाव. वहिनींनी पाकिटावरचं नाव वाचलं, पॅरासिटामॉल.

"आत्ता निघा," त्या म्हणाल्या. "वाटी आणि पाकीट बरोबर आणा. घरी ओकारी काढायच्या भानगडीत पडू नका. निघा."

वहिनी शटरखालून धावत रस्ता ओलांडून आल्या तेव्हा मी एका काकांच्या नाकावर चष्म्याची दांडी बसवत होतो. काकांना तसंच खुर्चीत सोडून मी गाडी काढली. वाफ्याला वहिनींनी धरून उचललं नाही. टॉवेलाच्या घडीसकट, जसा होता तसा टोपलीत ठेवला, झाकण बांधलं, वरून चादर टाकली. मला वाटलं, आजी घरी थांबतील. त्या आधीच गाडीच्या मागच्या सीटवर जाऊन बसल्या होत्या, वाटी मांडीवर घेऊन.

 खड्डा आला की मी गाडी अशी चालवत होतो, जशी माझ्या बायकोला पहिल्या बाळंतपणाला नेताना चालवली होती. टोपलीतून आवाज येत नव्हता. वहिनींनी एक हात झाकणावर ठेवला होता.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या. बाहेर बाकं, आत स्टीलचं टेबल. डॉक्टरीणबाई वयाने वहिनींएवढ्या, केस घट्ट बांधलेले, हातावर ओरखड्यांच्या इतक्या रेघा की कुणी वहीच्या पानावर सराव केला असावा. त्यांनी टोपलीचं झाकण उघडलं आणि वाफ्याला ओढून न काढता टोपलीतच तपासायला सुरुवात केली. हिरड्या बघितल्या. श्वास मोजला. वाटीतला मासा उजेडात धरून बघितला.

"कुणी दिलं?"

"मी," आजी म्हणाल्या. सून काही बोलायच्या आत. "हिने नाही म्हटलं होतं."

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. "बहुतेक जिभेवर फार काही गेलं नसावं. पण आजी, मांजराच्या बाबतीत 'बहुतेक'वर मी थांबत नाही. या गोळीचं माणसाचं शरीर जे करतं ते मांजराला जमत नाही. त्याचं यकृत ती फोडून बाहेर टाकू शकत नाही. रक्त प्राणवायू धरेनासं होतं, हिरड्या मातकट पडतात, तोंड सुजतं. एका गोळीने धडधाकट मांजर गेलेलं मी पाहिलंय. उतारा आहे, तो मी आत्ताच सुरू करते. रक्त तपासते. रात्रभर इथे ठेवते."

"आणि दात?"

"दाढ मोडलीय, मुळाशी पू झालाय. म्हणून खाता येत नव्हतं." त्यांनी वाफ्याचा ओठ अलगद सोडला. "त्या दाढेनेच त्याला आज वाचवलं असेल. तोंड दुखत नसतं तर त्याने वाटी चाटून पुसून ठेवली असती."

आजी बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. हात मांडीवर उपडे.

डॉक्टरीणबाईंनी वाफ्याच्या मांडीत सुई दिली. "ही दुखण्याची," त्या म्हणाल्या. "मांजराची, मांजराच्या वजनाची. दुखणं काढायचंच असतं, त्यात चूक नाही. फक्त ज्याचं त्याचं औषध ज्याचं त्यालाच."

आजींना बाहेर थांबायला सांगितलं होतं, पण त्या उठून दारात येऊन उभ्या राहिल्या आणि कुणी त्यांना हटवलं नाही. टेबलावर वाफ्या तसाच आखडून बसला होता. पुष्कळ वेळ त्याच्यात काही फरक दिसेना. मग त्याचे कान, जे सकाळपासून मागे चिकटले होते, किंचित सैल झाले. पंजा पोटाखालून बाहेर आला. त्याने अंग एका कुशीवर टाकलं, आणि सकाळपासून पहिल्यांदा त्याचे डोळे दुखण्याने नव्हे तर गुंगीने मिटले.

आजी ते बघत होत्या. त्यांच्या तोंडून बारीक आवाज निघाला. मला आधी वाटलं, गुडघ्यातली कळ आली. त्या म्हणाल्या, "असं होतं होय. इतक्यात. इतक्यात होतं."

मग डॉक्टरीणबाईंना विचारलं, "माझ्या मुलाला पण गोळ्या होत्या. मी घेऊ देत नव्हते. सवय लागेल म्हणून. त्याला पण असंच... इतक्यात बरं वाटलं असतं?"

 डॉक्टरीणबाई प्राण्यांच्या डॉक्टर. असल्या प्रश्नाला उत्तर द्यायची त्यांच्यावर सक्ती नव्हती. त्यांनी हातमोजे काढले, आजींच्या जवळ आल्या.

"तुमच्या मुलाला मी पाहिलेलं नाही, आजी. त्याच्याबद्दल मी काही सांगितलं तर ते खरं नसेल."

आजींनी मान हलवली. हे उत्तर त्यांना पटलं असावं. खोटा धीर त्यांनी ओळखला असता.

त्या बाहेर येऊन बाकावर बसल्या आणि वहिनी त्यांच्याजवळ बसल्या. मी बाटलीत पाणी भरायच्या निमित्ताने दूर गेलो, पण खोली लहान होती.

"मी त्याला छळलं," आजी म्हणाल्या.

"आई."

"मला वाटायचं, गोळ्या घेतल्या म्हणजे तो लवकर जाईल. दुखतंय तोवर आहे, असं वाटायचं मला. आज या मुक्या जिवाला बघून वाटलं, या वेळेला तरी उशीर नको. म्हणून दिली. बघ, तेही चुकलं."

वहिनी आजींच्या आणखी जवळ सरकल्या. मग म्हणाल्या, "गोळ्या माझ्या हातात होत्या, आई. तुम्ही नको म्हणालात हे खरं, पण मी बायको होते त्याची. तुमच्या पाठीमागे देऊ शकले असते. नाही दिल्या. तुमचं नाव पुढे करून मी पण तेच केलं. मला पण वाटायचं, दुखतंय तोवर आहे."

दोघी रडल्या. आवाज न करता रडल्या. माझी बाटली केव्हाच भरून वाहत होती.

दुपार कलताना डॉक्टरीणबाईंनी येऊन सांगितलं की रक्ताचा पहिला अहवाल ठीक आहे, उतारा चालू राहील, सलाईन लावलंय. दाढ मात्र चार दिवस थांबून, अंगात जोर आल्यावर काढू. त्या आजींसमोर उभ्या राहिल्या. "एक सांगू? चाटलं म्हणून तुम्ही लगेच सांगितलंत. असं झालं की लोक लपवतात. लाजेने, भीतीने. मग माझ्याकडे मांजर येतं तेव्हा माझ्या हातात फार काही उरलेलं नसतं. तुमच्या सांगण्यामुळे मला वेळ मिळाला."

आजींनी विचारलं, "त्याला हात लावू?"

"गालाला नको. पाठीला लावा."

आजी आत गेल्या. पिंजऱ्याच्या दारातून दोन बोटं घालून त्यांनी वाफ्याच्या पाठीवरून एकदाच फिरवली. तो झोपेत होता. त्याला कळलं की नाही, कोण जाणे.

वाफ्या वाचला. दाढ निघाली, तिच्या शेजारचीही एक निघाली. त्यानंतर त्याला सगळं कुस्करून द्यावं लागायचं, आणि तो राजासारखा वाटीसमोर बसून आजी कुस्करायच्या तेवढा वेळ वाट बघायचा. त्याच्या दुखण्याचं औषध मापाच्या पिचकारीत दवाखान्यातून यायचं, डॉक्टरीणबाईंनी सांगितलेले दिवसच द्यायचं, नंतर बंद. गल्लीत कुणाचं जनावर आजारी पडलं की लोक आजींना विचारायला येऊ लागले. त्यांच्याकडे उत्तर एकच होतं. "आधी फोन कर. गोळीला हात लावलास तर बघ." हे इतक्या जोरात म्हणायच्या की समोर माझ्या दुकानात गिऱ्हाईक दचकायचं.

दोघी बोलू लागल्या होत्या. एकदम गोडीगुलाबीने नाही. उलट आता खरी भांडणं सुरू झाली. मिठावरून, दिव्यावरून, कुणाच्या शर्टाचं बटण उलटं लागलं यावरून. मला समोरून सगळं ऐकू येई आणि बरं वाटे. वाफ्याची निरोप्याची नोकरी मात्र गेली.

आणखी काही वर्षांनी आजींनी अंथरूण धरलं. आता त्यांच्याच हाडांत दुखणं शिरलं होतं. घरी येणारे डॉक्टर माणसांचे होते, वयाने तरुण. त्यांनी विचारलं, "आजी, दुखतं का?" आमच्या पिढीची, आणि त्यांच्या तर नक्कीच, सवय अशी की "नाही हो, बरं आहे" म्हणायचं. मी तिथे होतो. आजी म्हणाल्या, "हो. खूप दुखतं. काय द्यायचं ते द्या, आणि कधी द्यायचं ते हिला नीट सांगा."

वहिनींनी ते नीट ऐकून घेतलं. त्यानंतर त्यांनी एकही वेळ चुकवली नाही. यंत्र चालू असलं तरी थांबवायच्या, हात पुसायच्या, वरच्या मजल्यावर आजींकडे जायच्या. आजींना गोळी गिळवेनाशी झाली तेव्हा डॉक्टरांना विचारून तिचंच पातळ औषध आणलं, स्वतःच्या मनाने काही केलं नाही. शेवटच्या आठवड्यात मी भेटायला गेलो तर आजी उशीला टेकून होत्या, चेहरा शांत. त्या मला म्हणाल्या, "भाऊ, दुखत नसलं की किती आठवतं रे माणसाला." आणि मुलाच्या लहानपणच्या गोष्टी सांगायला लागल्या. मी कधीच न ऐकलेल्या. तो शाळेतून येताना चिखलात कसा लोळायचा, इस्त्री करायला शिकताना बापाचा एकुलता एक चांगला शर्ट कसा जाळला. वहिनी पायाशी बसून ऐकत होत्या. त्यांनीही त्या ऐकलेल्या नव्हत्या.

आजी गेल्या त्या सकाळी वहिनींनी दुकान बंद ठेवलं. दुसऱ्या दिवशी उघडलं. खिडकीपाशी शर्टांचा ढीग होता, बटणं लावायची राहिलेला. वहिनींनी स्टूल ओढलं, बसल्या आणि सुईत दोरा ओवू लागल्या. त्यांना काही तो ओवता येईना. मग त्यांनी रस्ता ओलांडला आणि मला म्हणाल्या, "भाऊ, माझे डोळे एकदा तपासा."